चुकण्याची मुभा कोणाला?

गेली नऊ वर्षे आठवड्यातील एक संध्याकाळ मी प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यात घालवतो. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, आणि कोणी विचारलेच तर 'अर्ज भरणारे' एवढीच ओळख सांगता येते. आमच्याकडे येणारी मुले-मुली बहुतेक करून घरातली पहिली शिकणारी असतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली होती. गुण उत्तम, विषय पक्का, बोलण्यात स्पष्टपणा. तिच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका पद्धतीने लिहिलेले होते आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या. ही तफावत आमच्याही नजरेतून सुटली. त्रुटी दुरुस्त करण्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, हा संदेश ज्या मोबाइलवर गेला तो घरात सगळ्यांचा मिळून एकच होता आणि त्या आठवड्यात तो कामासाठी बाहेरगावी गेलेल्या भावाजवळ होता. मुदत संपल्यानंतर दोन दिवसांनी ती आली, कागद पुढे ठेवले आणि म्हणाली, "काका, म्हणजे आता पुढच्या वर्षीच ना?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, हे मला अधिक लागले.

त्याच महिन्यात एका जुन्या मित्राशी बोलणे झाले. त्याच्या मुलाने अभियांत्रिकीचे शिक्षण दीड वर्षाने सोडले होते, सहा महिने घरी बसून काढले होते आणि आता तो डिझाइनच्या अभ्यासक्रमाला लागला होता. "बरे झाले, त्याला लवकर कळले," असे मित्र समाधानाने म्हणाला, आणि ते खरेही होते. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काडीमात्र असूया नाही. उलट विसाव्या वर्षी आपली निवड चुकली हे कळणे आणि ती बदलता येणे ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र दोन वर्षे वाया घालवणारा मुलगा 'स्वतःला शोधत होता' आणि एका अक्षराच्या फरकापायी वर्ष गमावणारी मुलगी 'निष्काळजी' ठरली, हे मला त्या दिवसापासून पचलेले नाही.

वंचित घरांतील मुलांना वर कसे येता येईल, या प्रश्नावर जे काही वाचायला आणि ऐकायला मिळते त्यात हुशारीचा आणि जिद्दीचा उल्लेख फार असतो. गरिबीतून वर आलेल्यांच्या यशोगाथा आपल्याला आवडतात, कारण त्यात सारे श्रेय एका व्यक्तीला देता येते आणि बाकीच्यांना काहीच करावे लागत नाही. माझ्या पाहण्यातल्या मुलांमध्ये हुशारीची टंचाई कधीच नव्हती. ज्याची टंचाई होती ती चुकण्याच्या मुभेची. सुस्थितीतील घरात मूल जन्मते तेव्हा त्याच्याबरोबर चार-सहा चुका माफ असण्याचा अदृश्य परवानाही जन्मतो. हातावर पोट असलेल्या घरातील मुलाला मात्र प्रत्येक वळणावर पहिल्याच प्रयत्नात बरोबर यावे लागते. सामाजिक गतिशीलता वाढवायची तर ही मुभा कशी वाटता येईल, हा माझ्या मते कळीचा प्रश्न आहे.

आधी 'सामाजिक गतिशीलता' या शब्दाचा अर्थ थोडक्यात पाहू, कारण दोन वेगळ्या गोष्टी त्यात मिसळल्या जातात. मुले आई-वडिलांपेक्षा अधिक कमावतात का, हा एक प्रश्न; आणि तळाच्या घरातील मूल शिडीवर इतरांच्या तुलनेत किती वर जाते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बव्हंशी अर्थव्यवस्थेच्या वाढीवर आणि ती वाढ कोणाच्या पदरात पडते यावर ठरते. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जण पुढे आपल्या आई-वडिलांपेक्षा अधिक कमावू लागले. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आले, असे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. सर्वांत कमी उत्पन्नाच्या दहा टक्के घरांतील कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला तिच्या सदस्य देशांत सरासरी चार ते पाच पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन, कोलंबियात अकरा. अकरा पिढ्या म्हणजे ज्यांची नावेही कोणाला आठवणार नाहीत इतके दूरचे पूर्वज. जिद्द देशागणिक एवढी कमी-जास्त होत नाही, आणि डेन्मार्कच्या मुलांना ती जन्मतः अधिक मिळालेली असते असेही कोणी म्हणणार नाही.

जिद्दीचा विषय निघाला आहे तर एका प्रसिद्ध प्रयोगाबद्दल सांगायला हवे, कारण पालकसभांतून त्याचा दाखला मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचा उच्चार झाला तरी मी सावध होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी साधारण साठच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांसमोर एक गोड पदार्थ ठेवला आणि थोडा वेळ थांबलात तर दोन मिळतील, असे सांगितले. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, आणि त्यावरून संयम हाच यशाचा पाया असल्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदींवर हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर त्यातला मोठा भाग विरून गेला. त्याआधी २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात केलेला एक छोटा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तिथे काही मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे आश्वासन देऊन ते पाळले गेले आणि काहींच्या बाबतीत ते मोडले गेले. त्यानंतर हीच संयमाची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि ज्यांची निराशा झाली होती ती तीन मिनिटे. मुले केवळ अठ्ठावीस होती, त्यामुळे त्यावर मोठा इमला रचणे बरे नव्हे. तरीही तीनच मिनिटे थांबलेल्या त्या मुलाला अधीर म्हणावे की शहाणे, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या घरी 'उद्या देतो' याचा अर्थ बहुधा 'देणार नाही' असाच होत आला आहे, त्याने आज हाती आलेले घेणे हा त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

आपल्या भाषेत अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. काटकसरीचा सल्ला म्हणून ती ठीक आहे, पण ती कोणत्या घरात किती वेळा उच्चारली जाते याकडे पाहिले तर तिचा दुसरा चेहरा दिसतो. ज्या मुलांचे अंथरूण मुळातच आखूड आहे त्यांना पाय दुमडून झोपण्याची इतकी सवय लावली जाते की पुढे अंथरूण लांब झाले तरी ते पाय पसरत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आपल्या गुणांवर मिळू शकणाऱ्या संस्थेपेक्षा दोन पायऱ्या खालची संस्था निवडताना मी कितीदा पाहिले आहे! कारण विचारले तर उत्तर एकच असते: "तिथे नाही जमले तर?"

मुभेचा हा हिशेब शाळेच्या कितीतरी आधी सुरू होतो. या बाबतीत मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो जमैकातील किंग्स्टन येथे १९८६-८७ मध्ये सुरू झालेला अभ्यास. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सुझन वॉकर यांच्यासारख्या संशोधकांनी तिथल्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची निवड केली. मुलांचे वय होते नऊ महिने ते दोन वर्षे. त्यांतील काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात. त्या काही फार मोठे करत नव्हत्या: आईला सोबत घेऊन बाळाशी बोलणे, खेळणे, वस्तूंची नावे सांगणे, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी देणे, आणि मुख्य म्हणजे आईच्या मनात हे आपल्यालाही जमते असा विश्वास निर्माण करणे. दुसऱ्या एका गटाला केवळ पूरक आहार दिला गेला. वीस वर्षांनी ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी हा खेळ झाला होता त्यांची कमाई, ज्यांना तो लाभला नव्हता त्यांच्यापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी अधिक होती. वाढ न खुंटलेल्या मुलांच्या ती बरोबरीला पोहोचली होती. नुसत्या पूरक आहाराचा असा दूरगामी परिणाम दिसला नाही. हे वाचल्यावर पोषण बिनमहत्त्वाचे आहे असा अर्थ कोणी काढू नये. पोट भरलेले असणे ही किमान अट आहेच. मात्र दिवसभर राबून आलेल्या आईला बाळाशी खेळायला शीण नसलेला एक तास मिळणे, हीदेखील एक संपत्ती आहे आणि ती वाटता येते, एवढे या अभ्यासाने मला शिकवले.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात झालेला पेरी बालशाळेचा प्रयोग याहून अधिक प्रसिद्ध आहे. त्यात १२३ मुले होती आणि त्यांतील काहींनाच बालशाळेत घेतले गेले. बालशाळेत गेलेल्या मुलांची बुद्ध्यंकातील आघाडी काही वर्षांतच ओसरली आणि प्रयोग फसला असे वाटले. पण चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांची कमाई अधिक आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले. परीक्षेच्या गुणांत न दिसलेला फायदा आयुष्यात दिसला. अशा अभ्यासांतून 'पाच वर्षांच्या आत जे होईल तेच खरे' असा एक नवा दैववाद मात्र बोकाळला आहे आणि मला तो अजिबात मान्य नाही. सोळाव्या वर्षी आमच्यासमोर येऊन बसलेल्या मुलाला तुझी वेळ निघून गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

शाळेच्या बाबतीत मला फिनलंडचे उदाहरण महत्त्वाचे वाटते, आणि ते तिथल्या शाळा आज किती सुंदर आहेत यासाठी नव्हे. १९७० पूर्वी तिथे साधारण अकराव्या वर्षीच मुलांची दोन वाटांवर विभागणी होत असे. एक वाट विद्यापीठाकडे जाई आणि दुसरी लवकर कामधंद्याकडे. १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून सुरुवात करून देशभर टप्प्याटप्प्याने ही पद्धत बदलली गेली आणि सर्व मुले सोळाव्या वर्षापर्यंत एकाच प्रकारच्या शाळेत शिकू लागली. सुधारणा टप्प्याने झाल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या मुलांची तुलना करता आली. पेक्कारिनेन, उसितालो आणि केर या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की वडिलांच्या उत्पन्नाचा मुलाच्या उत्पन्नाशी असलेला संबंध त्यामुळे सुमारे २३ टक्क्यांनी सैल झाला. अकराव्या वर्षी मुलाची वाट ठरवायची म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या आई-वडिलांची वाट त्याच्यावर शिक्का मारून द्यायची, हे त्यातून स्पष्ट होते. मूल जितके लहान, तितका त्याच्या निकालात घरचा वाटा मोठा. म्हणूनच परत न फिरता येणारा कोणताही निर्णय जितका उशिरा घेतला जाईल तितका तो अधिक न्याय्य असेल. परीक्षा एकदाच, प्रवेश एकदाच, शाखा एकदाच, ही सारी 'एकदाच'ची व्यवस्था दिसायला समान असली तरी तिची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे अर्जांकडे येतो. हा विषय इतका रुक्ष आहे की त्यावर कोणी भाषण करत नाही, आणि म्हणूनच कदाचित इथे सर्वांत स्वस्तात सर्वाधिक काही करता येते. अमेरिकेत शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज फार किचकट असल्याची जुनी तक्रार होती. २००८ मध्ये काही संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. कर सल्ल्यासाठी एका कंपनीच्या कार्यालयांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा हा अर्ज तिथल्या तिथे, काही मिनिटांत भरून देण्यात आला. काहींना मदत किती मिळू शकेल याची केवळ माहिती दिली गेली. अर्ज भरून दिलेल्या कुटुंबांतील शालान्त वर्गातल्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात फरक पडला नाही. 'जनजागृती' या शब्दावर आपला जो अपार विश्वास आहे, त्याला छेद देणारी ही गोष्ट आहे. माहितीपत्रके वाटणे हे बहुधा वाटणाऱ्याच्या समाधानासाठी असते. अर्ज भरायला मात्र शेजारी कोणीतरी बसावे लागते.

दुसरा प्रयोग मिशिगन विद्यापीठातील आहे आणि मला तो फारच आवडतो. २०१५ पासून त्यांनी राज्यातील कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार विद्यार्थ्यांपैकी काहींना एक मोठे, विद्यापीठाच्या रंगांतील देखणे पाकीट पाठवायला सुरुवात केली. त्यात सांगितले होते की तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ आहे आणि त्यासाठी आर्थिक मदतीचा कोणताही अर्ज भरायचा नाही. आई-वडिलांना आणि मुख्याध्यापकांनाही तसेच कळवले गेले. गंमत अशी की यांतील बहुतेकांना तसेही विद्यापीठाकडून तेवढी मदत मिळालीच असती. नवे होते ते आधीच, स्वच्छ शब्दांत दिलेले वचन. पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी त्या विद्यापीठात अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. आणि तिथे प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे प्रमाण होते अनुक्रमे २७ आणि १२ टक्के. 'कदाचित मिळेल' आणि 'नक्की मिळेल' यांत ज्याच्याकडे राखीव पैसा आहे त्याला फारसा फरक जाणवत नाही. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या दृष्टीने 'कदाचित' म्हणजे 'नाही'. आमच्याकडे येणारे पालक एकच प्रश्न तीन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, तेव्हा पूर्वी मला कंटाळा येत असे. हा अभ्यास वाचल्यानंतर मी तिन्ही वेळा शांतपणे उत्तर देतो.

ओळखीपाळखींचा मुद्दा यापुढचा. आपण वशिल्याला नाके मुरडतो, पण वशिला ही ओळखीची केवळ सर्वांत बटबटीत पायरी आहे. त्याखाली कितीतरी निरुपद्रवी पायऱ्या असतात: कोणता अभ्यासक्रम नावालाच आहे हे सांगणारी मावशी, मुलाखतीची तयारी करून घेणारा शेजारी, 'त्यांना एक मेल टाकून बघ' एवढेच सुचवणारी मैत्रीण. २०२२ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ७.२ कोटी फेसबुक वापरकर्त्यांच्या २,१०० कोटी मैत्रीसंबंधांचा अभ्यास केला. ज्या भागात कमी उत्पन्नाच्या लोकांची अधिक उत्पन्नाच्या लोकांशी मैत्री अधिक, त्या भागातील गरीब मुले पुढे अधिक वर जातात, असे त्यात ठळकपणे दिसले. गरीब मुलांना सरासरी सुस्थितीतील मुलाइतकी अशी मैत्री लाभलेल्या परिसरात वाढता आले, तर मोठेपणी त्यांचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी अधिक असेल असा त्यांचा अंदाज होता. त्यातील आणखी एक निष्कर्ष शाळा चालवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: अशा मैत्रीच्या अभावाचे साधारण निम्मे कारण दोन्ही थरांतील मुले एकाच ठिकाणी येत नाहीत हे आहे, आणि उरलेले निम्मे कारण, एकाच ठिकाणी येऊनही ती एकमेकांत मिसळत नाहीत, हे आहे. राखीव जागांतून किंवा शुल्कमाफीतून मूल वर्गात पोहोचले म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत कोण कोणाशेजारी बसते ते एकदा पाहावे.

याच गटातील काही संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे बारा लाख शोधकर्त्यांच्या, म्हणजे पेटंट घेणाऱ्यांच्या, नोंदी तपासल्या होत्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मूल मोठेपणी पेटंट घेण्याची शक्यता निम्न उत्पन्नाच्या घरांतील मुलापेक्षा दहापट आढळली, आणि लहानपणीच्या गणितातील गुणांनी या दरीचा थोडाच भाग उलगडत होता. आजूबाजूला शोध लावणारी माणसे पाहत वाढण्याचा परिणाम मोठा होता. जे कधी पाहिलेच नाही ते व्हावेसे वाटणार कसे?

या निष्कर्षाचा आधार घेऊन अनेक ठिकाणी यशस्वी लोकांची व्याख्याने ठेवली जातात, त्याविषयी एक तक्रार नोंदवून पुढे जातो. व्याख्याता येतो, आपण कसे दिव्याखाली अभ्यास करत होतो हे सांगतो, टाळ्या घेतो आणि जातो. मुलांच्या हाती त्याचा फोन नंबरही राहत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या तेजस्वी माणसापेक्षा दर पंधरा दिवसांनी फोन करून 'झाले का काम?' एवढे विचारणारा सामान्य माणूस मुलाच्या अधिक उपयोगी पडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रवेश मिळाला की आमच्यासारखे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि खरी गळती तिथून पुढे सुरू होते. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक विद्यापीठाने, म्हणजे क्युनीने, २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे, ही अट. त्याबदल्यात शुल्कातील उरलेली तूट भरून निघणार, पाठ्यपुस्तके मिळणार, प्रवासाचा पास मिळणार, आणि ज्याच्याकडे मोजकेच विद्यार्थी आहेत असा सल्लागार वारंवार भेटणार. विद्यार्थी सोडतीने निवडून काटेकोर तुलना केली गेली, तेव्हा तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे या कार्यक्रमात ४० टक्के निघाले आणि त्याबाहेर २२ टक्के. शिक्षणातील प्रयोगांत एवढा फरक सहसा दिसत नाही. यातली एकही गोष्ट नवलाची नाही. नवल आहे ते सगळ्या एकदम आणि सलग तीन वर्षे देण्याचे. आपण एका वर्षी पुस्तके देतो, दुसऱ्या वर्षी सायकल, तिसऱ्या वर्षी योजनेचे नाव बदलते.

अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाची गोष्टही अशीच आहे. क्षुल्लक रकमेची थकबाकी राहिल्याने दर सत्रात कित्येक विद्यार्थ्यांची नावे वर्गातून काढली जात आणि त्यांत पदवीच्या उंबरठ्यावर पोहोचलेलेही असत. २०११ पासून विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांची यादी स्वतःच काढून, त्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता, ती थकबाकी छोट्या अनुदानातून भरायला सुरुवात केली. 'अर्ज करण्याची वाट न पाहता' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. मदत मागण्यातही एक कौशल्य लागते आणि थोडा निर्लज्जपणाही. तो सुस्थितीतील घरांत आत्मविश्वास म्हणून शिकवला जातो, तर इतरत्र स्वाभिमानाच्या नावाखाली दाबला जातो.

नोकरीच्या दारापाशी हेच पुन्हा घडते. बिनपगारी उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, ही त्यातली सर्वांत सभ्य दिसणारी भिंत आहे, कारण सहा महिने फुकट काम करण्याची ऐपत हीच तिथली खरी पात्रता असते. आत शिरल्यानंतरही अंतर उरते. ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन यांनी उच्च व्यवसायांतील लोकांच्या पगारांची तुलना केली तेव्हा कष्टकरी घरांतून आलेल्यांना सुस्थितीतील घरांतून आलेल्यांपेक्षा सुमारे १६ टक्के कमी मिळकत असल्याचे दिसले. मला वाटते त्यामागे चुकण्याच्या मुभेचा हिशेब आहेच: ज्याच्या पगारावर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून आहे तो पगारवाढीसाठी भांडत नाही, जोखमीचा प्रकल्प मागत नाही, नवी कंपनी काढणाऱ्या मित्राला नम्रपणे नकार देतो. वर आलेल्या माणसाच्या पाठीवर घर असते. त्याला आपण कृतज्ञता म्हणतो, आणि ती असतेही, पण तिचे वजन कोणी मोजत नाही.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या मुलीचा अर्ज पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून चारदा तपासला आणि तिला प्रवेश व शिष्यवृत्ती दोन्ही मिळाले. गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार पडले आहे, पण निवडलेला विषय आपला नाही असे तिला वाटते. संख्याशास्त्राच्या एका जोडविषयात तिला इतका रस वाटू लागला आहे की तिला शाखा बदलायची आहे. मी तोंड उघडून तिला समजावू लागलो होतो: हातचे सोडून पळत्याच्या मागे कशाला, एवढे वर्ष गेले, अजून एक घालवू नकोस. दोन वाक्ये बोलून मी थांबलो, कारण मित्राच्या मुलाला मी हे कधीच म्हटले नसते.

तिने पिशवीतून शिष्यवृत्तीची नियमावली काढली. अभ्यासक्रम बदलल्यास मदत बंद होईल असे अकराव्या कलमात लिहिले आहे, आणि 'योग्य कारणास्तव' सूट देण्याचा अधिकार समितीला आहे असे त्याच्याच खाली, बारीक अक्षरांत. योग्य कारण कशाला म्हणावे याचा कुठेही खुलासा नाही. अर्जाची मुदत अकरा दिवसांनी संपते. ते कारण कोणत्या शब्दांत लिहावे याचा मसुदा आम्ही सध्या करतो आहोत. पहिल्या मसुद्यात तिने तीनदा 'माझी चूक झाली' असे लिहिले होते, ते तिन्ही ठिकाणी मी खोडले आहे.